प्रयागला घरी जायचंय

१७ नोव्हेंबर १९९६, रविवार

आज परत बोचकं बांधलं. दोन पातेली, तवा, परात, मिठाची बरणी, सगळं माझ्या जुन्या धोतरात. गाठ अशी आवळलेली की मला सुटेना. आणि दारात उभी — "चला, घरी जायाचं."

म्हटलं, अगं प्रयाग, हेच आपलं घर, बारामतीचं. ही बघ दारावरची पाटी, माझ्या नावाची. खाली बारीक अक्षरात एस.टी. कंडक्टर, निवृत्त. हे तूच लिहायला लावलं होतंस. तिने पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "व्हय, पर हे कुणाचं हाय?" ज्या घराची वीट न् वीट हिच्या देखत लागली, ते कुणाचं म्हणून हिनेच विचारावं!

समजूत घालता घालता दूध उतू गेलं. गॅस पुसत बसलो. ती बोचक्यावर बसून राहिली, गाडीची वाट बघणाऱ्या बाईसारखी. असल्या बायका मी जन्मभर बघितल्या, पण ही कुठल्या गाडीची वाट बघते ते मला कळत नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरांकडे नेलं. पोरगेलेसे आहेत, पण बोलायला बरे. म्हणाले, आजोबा, ह्यात नवं आधी जातं, जुनं मागं राहतं. म्हटलं, जुनं म्हणजे किती जुनं? हसले फक्त.

रिक्षात डोक्यात तेच. जुनं म्हणजे सांगवीच की. जन्म तिथला, पाटाच्या पाण्याची जमीन, माडीचं घर, दारात गडी. तिथून ही माझ्या मागं आली. घरी जायचंय म्हणजे माहेरी जायचंय. मला हे कधीतरी ऐकायला लागणार हे लग्न झाल्यापासून माहीत होतं. इतक्या उशिरा ऐकायला लागेल असं नव्हतं वाटलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

नागेश पुण्याहून आला. आईने बघताक्षणी ओळखलं. "नागू, वाळलास रं." माझा जीव भांड्यात पडला. थंडी म्हणून मी जुना खाकी कोट घातला होता. थोड्या वेळाने ती नागेशच्या कानाशी लागली. कुजबुज म्हणायची, पण दोन घरं सोडून ऐकू जावी अशी. "ह्यो कंडक्टर हितंच का बसलाय? ह्याची गाडी गेली न्हाय का?"

नागेश हसला. मीपण हसलो. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

जाताना नागेश म्हणाला, "अण्णा, आईला मामांकडं ठिवा. माणसं हायती, कामाला बायका हायती. तुमी एकटे कुठवर करणार?" म्हटलं, अरे, त्या घराचा उंबरा आजवर मी ओलांडलेला नाही. "आता कोण बघतंय ते," तो म्हणाला. त्याला काय कळणार. तो सिमेंटच्या घरात वाढलेला.

२५ नोव्हेंबर, सोमवार

नागेशला कधी नीट सांगितलंच नाही. इथं तरी लिहितो.

आमची मेंढरं इंदापूरच्या कोरडवाहू बाजूची. ऊस तुटला की आम्ही पाटाखालच्या रानात उतरायचो. ज्याच्या रानात मेंढरं बसवली त्याच्या रानाला लेंडीखत, त्याबदली आम्हाला ज्वारी. तिच्या वडलांच्या रानात आमचा तळ दर साली पडायचा. आमच्या घरात सातवी झालेला मी एकटाच, म्हणून ज्वारी आणायला मला धाडायचे. माप घालायला ती बसायची. सगळ्यांना माप सपाट, मला वर शीग. तेवढ्यावरून पुढचं सगळं झालं.

लग्न नरसिंहपूरला, देवासमोर, संगमावर. तिच्याकडचं कुणी नव्हतं. धाकटा भाऊ आप्पा तेव्हा अर्ध्या चड्डीत. वडलांनी तिचं नाव टाकलं. ते गेले तेव्हा लांबून तोंड बघून आली.

पुढचं एक वर्ष ती आमच्या तळावर राहिली. बागाईतदाराची लेक, घोड्यामागं अनवाणी, डोक्यावर कोंबड्यांचं खुराडं. पाऊस आला की घोंगडीखाली बसायचं. एकदा तिला पाठमोरी रडताना बघितलं. का ते विचारायची छाती झाली नाही. त्या वर्षाबद्दल आम्ही दोघं नंतर कधी बोललो नाही. एस.टी.त नंबर लागला त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

१ डिसेंबर, रविवार

दुपारभर भाकरी थापल्या. टोपलं भरलं तरी हात थांबेना. कोण खाणार म्हटलं, तर "माणसं यायची हायती रानातनं."

सांगवीचे गडी, दुसरं कोण! शेजारच्या भामाबाईंना दिल्या, उरलेल्या डेपोतल्या हमालांना. भाकरी अशी पातळ आणि मोठी की मी दोन जास्तच खाल्ल्या. रागही येत होता आणि खातही होतो.

५ डिसेंबर, गुरुवार

मार्केट यार्डात आप्पासाहेबांना गाठलं. अर्ध्या चड्डीतला आप्पा आता आप्पासाहेब आहे, कारखान्यावर मान आहे, गाडी आहे. मला "म्हस्कूराव" म्हणतात. मेहुण्याला दाजी म्हणायची रीत, पण तो शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. मी काही मागत नाही, ते काही देत नाहीत. असं आमचं बरं चाललेलं.

मी रात्रभर भांडणाची तयारी करून गेलो होतो. त्यांनी सगळं ऐकलं. कांद्याच्या गोण्यांकडे बघत राहिले. मग एवढंच, "अक्का कवा येतीय?"

भांडण माझ्या तोंडातच राहिलं. आनंद झाला का वाईट वाटलं, नक्की सांगता येत नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

ठेवून आलो.

ती उंबरा ओलांडून अशी आत गेली की जणू सकाळी विहिरीवर गेलेली बाई परत आली. झोपाळ्यावर बसली, भावजयीकडे ताक मागितलं. मी बाहेर खुर्चीवर. "आत या की," भावजय म्हणाली. म्हटलं, आता गाडी आहे मला. गाडी नव्हती. रस्त्यावर गेलो तर एस.टी. अर्ध्या तासाने आली.

निघताना प्रयागने वर बघितलं नाही. बघावं अशी माझी फार इच्छा होती.

१३ डिसेंबर, शुक्रवार

दोन खोल्या. पण केवढं मोठं घर आहे हे!

१५ डिसेंबर, रविवार

भेटायला गेलो. झोपाळ्यावर बसलेली. इस्त्रीचं लुगडं, वेणी नीट. मला बघून म्हणाली, "का रं? ह्या साली मेंढरं कवा बसवणार?"

जन्मभर "अहो" म्हणणारी बाई. मी टोपी हातात घेतली. कशी घेतली ते कळलंच नाही, हाताला जुनी सवय. म्हटलं, संक्रांतीच्या सुमाराला, बाईसाहेब. "मागच्या साली कडंचं रान ऱ्हायलं," ती म्हणाली. म्हटलं, ह्या साली तिथनंच सुरू करतो. मग पाऊस, चारा, लांडगा, सगळं बोलणं झालं. कितीतरी महिन्यांत आम्ही दोघं असं बोललो नव्हतो. मी मेंढका झालो की तिला मी दिसतो. नवरा झालो की दिसत नाही. ह्याला काय म्हणायचं?

"ह्याला भाकरी द्या गं," तिने आत हुकूम सोडला. भावजय बिचारी ओशाळली. "तुमी पाटावर बसा, त्यांचं मनावर घिऊ नका." म्हटलं, असू दे वहिनी, भूक लागलीय. पायरीवर बसून हातावर घेऊन खाल्ली. अपमान वाटायला पाहिजे होता. वाटला पण, पण थोडाच.

निघालो तर ती दारापर्यंत आली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मला घरी नेतोस?"

पाय तिथंच थांबले. बापाच्या घरात, बापाच्या झोपाळ्यावरून उठून ही बाई मला म्हणते घरी ने. कुठल्या घरी?

२२ डिसेंबर, रविवार

सरळ विचारलं. बाईसाहेब, कुठलं घर? "आपलं." कुठाय ते? तिने हात लांब केला, शिवाराकडे. हात मोठा फिरवला, सगळं शिवार त्यात आलं.

बारामतीचं नाही, सांगवीचं नाही. इंदापूरकडचं माझ्या आईचं घर तर पडून त्यावर बाभळी आल्या. आणि त्या घरात ही राहिलीच नव्हती. मग वाटलं नरसिंहपूर असेल, लग्नाची जागा. आप्पासाहेबांनी गाडी दिली, स्वतः आले. देवाच्या पाया पडली. संगमाच्या पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडले, खूश होती. मला वाटलं, सापडलं. गाडीत बसताना म्हणाली, "झालं दर्शन. आता घरी चला."

आप्पासाहेब खिडकीबाहेर बघत होते. 

५ जानेवारी १९९७, रविवार

बोचकं तिथंही सुरू. संध्याकाळ झाली की रडते, असं भावजय सांगत होती. आप्पासाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "म्हस्कूराव, आमचं काय चुकतंय?" एवढा मोठा माणूस, आवाज बारीक झालेला. म्हटलं, मलापण कळत नाही.

भामाबाई म्हणतात, म्हातारी माणसं घरी जायचं म्हणतात म्हणजे वरच्या घरी. मी त्यांना नीट बोललो नाही. पण डोक्यातून जात नाही. मी अजून तयार नाही. तिला मी कोण हे आठवलं नाही तरी चालेल, पण तिने असावं.

१६ जानेवारी, गुरुवार

दुपारी भामाबाईंच्या फोनवर निरोप. अक्का घरात नाही.

पहिली गाडी मिळाली ती पकडली. सांगवीत निम्मं गाव पाटाच्या कडेने शोधत होतं. मी पाण्यातच बघत निघालो. आप्पासाहेब गाडी घेऊन रानोरान फिरत होते. मला बसवलं. त्यांच्या तुटलेल्या उसाच्या फडात परवापासून मेंढरं बसली होती. माझ्याच चुलतभावाचा मुलगा सावळाराम, त्याचा तळ. आप्पासाहेबांनीच त्याला दर सालासारखं सांगून ठेवलं होतं. तिकडे विचारू म्हणून गेलो.

प्रयाग तिथं होती. तीन दगडांच्या चुलीपुढं, परात मांडीशी धरून, भाकरी थापत. तळावरचं कुत्रं तिच्या पायाशी झोपलेलं. सावळारामची बायको नकोशी बाजूला उभी, घाबरी झालेली. "तात्या, आत्याबाई आल्या आन् परात वढून बसल्या. म्या काय म्हणणार?"

आप्पासाहेब पुढं झाले. "अक्का, चल. घरी चल."

तिने भाकरी तव्यावर टाकली. "आरं, मी घरीच हाय की."

साधं बोलली. कुणी वेळ विचारल्यावर सांगावी तसं. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसला. आप्पासाहेब चिखलात उभे, पांढरी विजार भरलेली. माझ्याकडे वळून म्हणाले, "दाजी, आता?"

दाजी म्हणाले. त्यांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे.  मी तिच्या हातातल्या पिठाकडे बघत होतो.

१७ जानेवारी, शुक्रवार

काल उठवायला गेलो तर ओरडली, म्हणून तिथंच राहिलो दोघं. उसाच्या पाचटावर, घोंगडीत. कंबर धरली आहे.

मला हे पटत नाही. ज्या तळावरून तिला सोडवलं म्हणून मी जन्मभर स्वतःला बरा माणूस समजलो, तोच तळ हिचं घर? हा आजाराचा खेळ असणार. आज मेंढरांत घर म्हणते, उद्या मार्केट यार्डात बसवली तर तिथंही म्हणेल. आजारी माणसाच्या बोलण्याला काय धरायचं?

मग मी तिच्याकडे बघतो. एका पायाने कोकरू अडवून ती नकोशीला सांगते, चूल वाऱ्याच्या अंगाला नको, इकडं वळव. नकोशी वळवते. धूर खरंच कमी होतो. आणि मला परत काही कळेनासं होतं.

१९ जानेवारी, रविवार

आप्पासाहेबांनी गादी पाठवली. तिने ती कोकरांना घातली.

मला आता पाहुणा समजते. मेंढका नाही, कंडक्टर नाही, म्हातारा पाहुणा. मानाने वागवते. "पाव्हणं, कुठल्या गावचं?" म्हटलं, इंदापूरकडचा. "आमचा मानूसबी तिकडचाच. मेंढरामागं गेलाय, येईल आता."

विचारू नये ते विचारलं. म्हटलं, कसा आहे माणूस? तिने पदर तोंडाला लावला, हसली. "डोक्यानं जरा अर्धवट हाय. पर चांगला हाय."

संध्याकाळभर ती त्याची वाट बघत होती. सावळाराम मेंढरं घेऊन आला तेव्हा उठून दोन पावलं पुढं गेली, मग थांबली. मी जवळच बसलो होतो. मला हेवा वाटला, सावळारामचा नाही, ती ज्याची वाट बघत होती त्या पोराचा. पंचवीस वर्षांचा, काळा, केसाळ, सातवी झाल्याचा गर्व असलेला मूर्ख. हिला तो पाहिजे, आणि मी त्याला कुठून आणून देऊ?

२२ जानेवारी, बुधवार

नागेश आला, तावातावाने. "आईला उघड्यावर ठेवलंय? लोक काय म्हणतील, अण्णा?" आईने त्याला हाताला धरून बसवलं, भाकरी आणि दूध दिलं. खाल्लं गपगुमान. जाताना म्हणाला, "आवो, ती घरी चला म्हणालीच न्हाय." म्हटलं, हो. "एकदाबी न्हाय." म्हटलं, हो रे बाबा.

तो बस येईपर्यंत माझ्याशेजारी उभा होता. खांद्यावर हात ठेवला. असं तो कधी करत नाही.

२५ जानेवारी, शनिवार

सावळाराम म्हणाला, "तात्या, ह्या रानात मेंढरं बसून झाली. परवा दिवशी आमी हलणार, म्होरं नीरेच्या अंगाला. चुलतीचं काय करायचं?"

काय करायचं म्हणजे? ही म्हातारी, मी म्हातारा. औषध बारामतीत, डॉक्टर बारामतीत, संडास बारामतीत. मेंढरांमागं चालणं आता माझ्याच्यानं होत नाही, तिचं काय घेऊन बसलात. आप्पासाहेब म्हणतात, दाजी, तुमी म्हणाल तसं. म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात. परवा सकाळी गाडीत घालून बारामतीला न्यायची. ओरडली तर ओरडली. आठ दिवसांनी विसरेल. विसरतेच की ती.

हे लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. पण दुसरं शहाणपणाचं काय आहे, मला खरंच दिसत नाही. तिने माझ्यासाठी घर सोडलं, मी तिच्यासाठी मेंढरं सोडली, असा आमचा हिशेब मी मनात धरून चाललो होतो. तो चुकला असेल तर मी काय केलं आयुष्यभर?

२६ जानेवारी, रविवार

सकाळी शेकत बसलो होतो. ती येऊन शेजारी बसली. कुणी ऐकत नाही ना बघितलं.

"पाव्हणं, तुमी वयानं वडील. आमच्या माणसाला एक सांगाल का? एस.टी.त लागतो म्हणतोय. त्याला वाटतं मला हितं तरास हाय. मला कसला तरास? परवा रडले, तर त्यो समजला माहेरासाठी रडती. आवो, हे सोडायचं म्हणून रडले. त्याला कसं सांगू? माझ्यासाठीच करतोय, तोंड पडंल त्याचं. तुमी सांगा, नगं लागू म्हणावं."

सांगतो, म्हणालो.

"आजच सांगा. उद्या बारामतीला निघालाय त्यो."